पुण्याचा मध्यान्ह बाराला होत नाही

पुण्यात कुठल्याही गच्चीवर एक सरळ काठी उभी करा आणि घड्याळात दुपारचे बारा वाजले की तिची सावली पाहा. ती अजून पश्चिमेकडेच पडलेली असते आणि आखूड होत चाललेली असते. सर्वांत आखूड सावलीसाठी बहुतेक दिवस साडेबारा उलटून जावे लागतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तर १२:४९ पर्यंत थांबावे लागते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ लाच काम होते. बरोबर बाराला मात्र वर्षातल्या एकाही दिवशी नाही.

याचे पहिले कारण भूगोलात आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. पुणे आहे साधारण ७३.८६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून तिकडे डोक्यावर आलेला सूर्य पुण्याच्या माथ्याशी यायला साडेचौतीस मिनिटे घेतो. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. त्याआधी गावोगावची वेळ आपापल्या सूर्याची होती, आणि मुंबईत तर जुनी ‘मुंबई वेळ’ काही ठिकाणी १९५५ पर्यंत चालू राहिली.

दुसरे कारण आकाशातले. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा अक्षही कललेला आहे. जानेवारीत ती सूर्याच्या जवळ असते आणि वेगाने पुढे सरकते, जुलैत सावकाश. त्यामुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ रोज अगदी चोवीस तास भरत नाही. काही सेकंदांचा हा फरक दिवसामागून दिवस साठत जातो आणि वर्षभरात सूर्य कधी चौदा मिनिटे मागे, तर कधी सोळा मिनिटे पुढे असतो. घड्याळ आपल्याला सरासरी सूर्य दाखवते. खरा सूर्य त्याच्या मागेपुढे चालतो.

रामनवमीला हे उघड दिसते. जन्म मध्यान्हीचा, आणि पुण्यात त्या दिवसांत मध्यान्ह होतो १२:३३ ते १२:४१ च्या दरम्यान. देवळातला पाळणा त्याच सुमाराला हलतो. लहानपणापासून आपण तो क्षण पाहत आलो आहोत, आणि तो सूर्याच्या घड्याळाचा आहे.

घड्याळ नसताना लोक वेळ कशी सांगत, हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा ‘सूर्याकडे बघून’ एवढ्यावर आटपते. मला ते अपुरे वाटते, कारण त्यात दोन वेगळी कामे एकत्र कोंबली जातात. एक काम म्हणजे आत्ता दिवसाचा कुठला भाग चालू आहे ते ओळखणे. ते सूर्य, चंद्र आणि चांदण्या करतात. दुसरे काम म्हणजे एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंत किती काळ गेला ते मोजणे. ते पाणी करते. मनगटावरचे घड्याळ दोन्ही कामे एकटेच करते, म्हणून ती दोन आहेत हे आपल्या लक्षात येत नाही.

मोजमापे आधी सांगून टाकतो. एका अहोरात्राच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. अडीच घटिकांचा एक तास. घटिकेची साठ पळे, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचे. दोन घटिकांचा एक मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटांचा. मोजणी सुरू होते सूर्योदयापासून, मध्यरात्रीपासून नव्हे. प्रहर मात्र लवचिक असतो. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार, मग दिवस लांब असो की आखूड. पुण्यात २१ जूनच्या सुमाराला दिवस सव्वातेरा तासांचा भरतो, तेव्हा दिवसाचा प्रहर ३ तास १८ मिनिटांचा होतो. डिसेंबरच्या अखेरीला दिवस अकरा तासांचा, आणि प्रहर पावणेतीन तासांचा. पंचांगात ‘दिनमान’ म्हणून जो आकडा असतो तो हाच, दिवसाची लांबी घटी-पळांत. घरात पंचांग असेल तर ते उघडून जून आणि डिसेंबरचे दिनमान शेजारी ठेवून पाहा. जूनमध्ये सुमारे ३३ घटी आणि डिसेंबरमध्ये २७ ते २८ च्या मधे काहीतरी दिसेल.

आता सावली. जुन्या ज्योतिषग्रंथांत उभ्या काठीला शंकू म्हणतात आणि त्याची उंची बारा अंगुळे धरतात. ज्या दोन दिवशी दिवस-रात्र समान असतात, त्या दिवशीच्या मध्यान्हीला या बारा अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. गाव विषुववृत्तापासून जितके उत्तरेला, तितकी पलभा मोठी. पुण्याची पलभा चार अंगुळे. बाराला चार, म्हणजे उंचीच्या बरोबर एक तृतीयांश. इतका सुटसुटीत आकडा आपल्या शहराच्या वाट्याला आला आहे याचा मला मनापासून आनंद होतो, कारण त्यामुळे पुढचे सगळे तोंडी हिशेबात बसते.

सावलीवरून वेळ काढायची एक जुनी रीत अशी. आत्ताच्या सावलीतून त्या दिवसाची मध्यान्हीची सावली वजा करा. उरेल त्यात शंकूचे बारा मिळवा. मग दिनमानाच्या सहापटीला या बेरजेने भागा. येणारे उत्तर म्हणजे सूर्योदयापासून गेलेल्या घटिका, किंवा दुपारनंतर मोजले असेल तर सूर्यास्ताला उरलेल्या घटिका.

एक उदाहरण करून बघू. तारीख २१ मार्च, दिनमान ३० घटी, मध्यान्हीची सावली ४ अंगुळे. सकाळी सावली मोजली ती भरली १८. अठरातून चार गेले चौदा, त्यात बारा मिळवले की सव्वीस. तीस सक १८० भागिले २६, म्हणजे ६.९ घटिका, म्हणजे पावणेतीन तासांना किंचित जास्त. त्या दिवशी पुण्यात सूर्य उगवतो ६:४० च्या आगेमागे. म्हणजे ही रीत आपल्याला साडेनवाच्या आसपास आणून सोडते. त्रिकोणमितीने काटेकोर गणित केले तर खरी वेळ निघते नऊ वाजून पाच मिनिटे. चूक जवळजवळ एका घटिकेची. कुठलेही कोष्टक न लागता, एका वजाबाकीने आणि एका भागाकाराने एवढ्या जवळ जाता येते, ही मला मोठी गोष्ट वाटते. ज्याला आणखी नेमकेपणा हवा त्याच्यासाठी सिद्धांतग्रंथांत ‘ज्या’ची, म्हणजे साइनची, कोष्टके होतीच.

या रीतीत एक सुंदर टप्पा आहे. सावली मध्यान्हीच्या सावलीपेक्षा बरोबर शंकूच्या उंचीइतकी वाढली की छेद येतो चोवीस, आणि उत्तर येते दिनमानाचा चौथा भाग. म्हणजे दुपारनंतर सावली एवढी वाढली की दिवसाचा एक प्रहर उरला. मुसलमानांची अस्रची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज नेमकी याच मापाने सुरू होते. शाफई परंपरेत वस्तूची सावली मध्यान्हीच्या सावलीपेक्षा वस्तूच्या उंचीइतकी वाढली की, आणि हनफी परंपरेत दुपटीने वाढली की. कॅम्पातल्या मशिदीत आज वेळापत्रक छापील लावलेले असते, पण त्यातला अस्रचा आकडा रोज थोडा सरकतो तो या सावलीमुळे.

सावलीची लांबी एवढी कामाची, मग दिशा का नको? घड्याळाच्या काट्यासारखी सावलीही फिरतेच की. पुण्यात इथेच गोची आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या माथ्यावरून जातो, १३ मेच्या आसपास आणि ३० जुलैच्या आसपास. जुलैतला दिवस बहुधा ढगात जातो. मेमधला मात्र हाती लागतो आणि शहरात ठिकठिकाणी लोक बाटल्या, नळ्या, डबे उभे करून शून्य सावली पाहतात. त्या दिवशी उभ्या काठीची सावली सकाळभर जवळजवळ पश्चिमेलाच पडलेली असते. ती फिरत नाही, नुसती आखडत जाते. साडेबारानंतर एका मिनिटाला ती पार पायाशी येते आणि पुढच्या काही मिनिटांत पूर्वेला निघते. सात वाजता, नऊ वाजता, अकरा वाजता दिशा जवळपास तीच. अशा सावलीवर तासांच्या खुणा करायच्या कुठे? मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर दुपारची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. उन्हाळ्यात पुण्यात नुसत्या उभ्या काठीच्या दिशेवर विसंबता येत नाही.

उपाय सोपा आहे. काठी उभी न ठेवता ध्रुवताऱ्याकडे रोखून तिरपी बसवायची. मग ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते आणि सूर्य तिच्याभोवती वर्षभर सारख्याच गतीने, तासाला पंधरा अंश, फिरताना दिसतो. किती तिरपी? गावाच्या अक्षांशाइतकी. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, आणि हा चढ तीनास एक असा पडतो. म्हणजे तीस सेंटिमीटर आडवे गेलात तर दहा सेंटिमीटर वर. पलभेतले बाराला चार आठवा; गणित तेच. जयपूरच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र, ज्याची उंची सुमारे २७ मीटर आहे, तेही या तत्त्वावर उभे आहे. फक्त जयपूर २७ अंशांवर असल्यामुळे तिथला जिना आपल्यापेक्षा चढा आहे. त्याची सावली दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, डोळ्यांना दिसेल अशी.

घरी करायचे असेल तर एक जुनी सीडी घ्या, तिच्या मधल्या भोकातून शिसपेन्सिल काटकोनात आरपार बसवा, आणि पेन्सिलीचे वरचे टोक उत्तरेला, चढ तीनास एक, असे टेकवा. सीडीच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंशांवर रेघा मारा. मार्चअखेर ते सप्टेंबर सावली वरच्या, उत्तरेकडच्या तोंडावर पडेल आणि हिवाळ्यात खालच्या. यावर दिसेल ती पुण्याच्या सूर्याची वेळ. तिच्यात पस्तीस मिनिटे मिळवली की घड्याळाच्या जवळ येतो, आणि ती मघाची चौदा-सोळा मिनिटांची मागेपुढे जमेस धरली तर मिनिटा-दोन मिनिटांच्या आत.

उत्तर दिशा शोधायला मोबाइलचे होकायंत्र वापरू नका. सपाट जमिनीवर काठी उभी करून तिच्याभोवती एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते तिथे खूण, दुपारनंतर बाहेर पडते तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली, तिला काटकोन केला की दक्षिणोत्तर. देवळांच्या आणि यज्ञवेदींच्या दिशा ठरवायला हीच रीत वापरत. लोखंडी सळयांनी भरलेल्या स्लॅबवर होकायंत्र भरकटते, सावली भरकटत नाही.

काठीही नसेल तर हात आहे. हात समोर ताठ केला की मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश झाकते. ज्याचा हात लांब त्याची मूठही मोठी, त्यामुळे हे माप बहुतेकांना लागू पडते. इंटरनेटवर सांगतात की क्षितिज आणि सूर्य यांच्या मधे जितकी बोटे बसतात, तितकी पंधरा-पंधरा मिनिटे सूर्यास्ताला उरली. हा हिशेब उत्तरेकडच्या देशांतला आहे. तिकडे सूर्य तिरपा तिरपा घसरत मावळतो. पुण्यात तो बराच सरळ खाली उतरतो, तासाला चौदा अंशांच्या वेगाने. त्यामुळे इथे चार बोटे म्हणजे तास नव्हे, अर्धाच तास, आणि एक मूठ म्हणजे बेचाळीस मिनिटे. पश्चिम मोकळी दिसेल अशी जागा हवी, वेताळ टेकडीचा माथा चालेल. सूर्य लालसर होऊन नजरेला सोसेल तेव्हाच बघा. ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणणारा शेतकरी हेच माप घेत होता, फक्त त्याच्या हाताशी बैलाचा दोर होता. सूर्य सरळ उतरतो म्हणूनच आपली तिन्हीसांजही आटोपशीर. सूर्यास्तापासून दिवा लावल्याशिवाय अक्षर दिसेनासे होईपर्यंत जेमतेम एक घटिका जाते.

इथवर सगळी पहिल्या कामाची साधने झाली. ऊन गेले की ती मिटली. आता दुसरे काम, काळ मोजण्याचे, आणि त्यासाठी आपल्याकडे जे उपकरण होते ते साधेपणात कुणाला हार जाणारे नाही.

घटिकापात्र म्हणजे तांब्याचे अर्धगोल भांडे, तळाला एक बारीक भोक. ते मोठ्या घंगाळातल्या पाण्यावर सोडायचे. भोकातून पाणी आत येत जाते, भांडे भरते आणि बुडते. बुडाले की एक घटिका झाली. लगेच उचलायचे, रिकामे करायचे, पुन्हा सोडायचे, आणि टोल द्यायचा.

पाणी गळणाऱ्या भांड्यापेक्षा बुडणारे भांडे का पसंत केले असेल? गळणाऱ्या भांड्यात पातळी उतरली की दाब कमी होतो आणि धार मंदावते. पाणी एक चतुर्थांश उरले की धारेचा वेग निम्म्यावर येतो. त्यामुळे आत सारख्या अंतरावर खुणा करून चालत नाही. बुडणाऱ्या भांड्यात धार ढकलते ती आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकामुळे. भांडे सरळ भिंतींचे असेल तर हा फरक शेवटपर्यंत तेवढाच राहतो. अर्धगोल भांड्यात तो बदलतो, पण बिघडत नाही, कारण इथे खुणा वाचायच्याच नसतात. एकच घटना मोजायची, भांडे बुडण्याची, आणि ती दर वेळी सारखाच वेळ घेते.

जुन्या ग्रंथांत या पात्राची मापे दिलेली आढळतात. दहा पळे (इथे पळ हे वजनाचे माप) तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे रुंदी, आणि भोकासाठी ठरावीक वजनाच्या सोन्याच्या तारेची जाडी. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत या सगळ्याला फाटा दिला. त्यांचे म्हणणे असे की अर्ध्या घटाच्या आकाराचे तांब्याचे भांडे घ्या, तळाला भोक पाडा, आणि एका अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा. अहोरात्राला त्या संख्येने भागले की तुमच्या पात्राचे माप निघाले. साठ वेळा बुडाले तर घटिका, पन्नास वेळा बुडाले तरी हरकत नाही, माप माहीत झाले म्हणजे पुरे. प्रत्येक उपकरण आधी आकाशाशी ताडून बघायचे, हा विचार त्यात आहे. या एका श्लोकासाठी मला भास्कराचार्य फार जवळचे वाटतात.

असे पात्र करून घ्यायला मी कसबा पेठेत तांबट आळीत गेलो होतो. पेशवाईपासून तिथे तांबटांची वस्ती आहे आणि सकाळी आळीत शिरले की अजूनही ठोक्यांचा आवाज येतो. दुकानातल्या काकांना विचारले, “काका, या वाटीला तळाशी भोक पाडून द्याल का?” त्यांनी वाटी हातात फिरवली. “आमच्याकडे लोक भोक बुजवायला येतात. तुम्हाला कशाला हवंय?” सांगितले. मग त्यांनी वाटी पालथी घातली, मधोमध अणकुचीदार पोगर टेकवला आणि म्हणाले, “आधी अगदी बारीकच पाडू. मोठं कधीही करता येतं. बारीक करायचं म्हणजे डाख द्यावा लागतो.” घटिकापात्र जुळवण्याची अख्खी पद्धत त्या वाक्यात आहे. भोक बारीक ठेवायचे, वेळ लावून बघायचा, आणि सुईने कणाकणाने वाढवत न्यायचे. घरी स्टीलच्या जुन्या वाटीवरही जमते. प्लास्टिकचा डबा घेऊ नका, पाण्याने भरला तरी बहुतेक डबे तरंगतच राहतात.

पाणी गाळून घ्यावे लागते, नाहीतर कचरा भोकात अडकतो. भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नाची कहाणी याच भयावर उभी आहे. पात्रात वाकून बघताना तिच्या दागिन्यातला मोती आत पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळून गेला, अशी ती कहाणी. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात ती नाही, अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. पण घटिकापात्र हाताळलेल्या माणसालाच सुचेल अशी ती आहे. आणखी एक अडचण पाण्याच्या उष्णतेची. थंड पाणी बारीक भोकातून जरा सावकाश आत येते, म्हणजे माघातल्या पहाटेची घटिका वैशाखातल्या दुपारच्या घटिकेपेक्षा थोडी लांबते. अधूनमधून सूर्याशी ताडून पाहणे म्हणून गरजेचे.

मोजलेली घटिका लोकांपर्यंत पोचवायची तर आवाज हवा. हिंदुस्थानात घटिकेचे टोल कसे देतात याचे वर्णन बाबराने आपल्या आठवणींत करून ठेवले आहे. त्याला एक खोट दिसली. रात्री जाग आलेल्या माणसाला टोल ऐकून घटिका कळायची, पण प्रहर कुठला ते कळायचे नाही. म्हणून घटिकेच्या टोलांनंतर प्रहराची खूणही वाजवावी, असा हुकूम त्याने काढला. मध्यरात्री जाग येऊन कुठलातरी एक टोल कानावर पडला तर साडेबारा, एक की दीड, हा घोळ टोलांच्या घड्याळाने पुढेही चालूच ठेवला. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना होता. पेशवाईत रात्री तोफ डागली जाई, आणि तोफेनंतर रस्त्यात सापडलेल्या माणसाला चावडीत रात्र काढावी लागे. बहुतेकांना घटिका-पळे लागतच नव्हती. तोफ झाली की नाही, एवढे कळले तरी पुरे होते.

रात्रीचे आकाश मला स्वतःला सर्वांत आवडते. डिसेंबरच्या मध्यावर मृग नक्षत्रातल्या तीन ओळीने बसलेल्या चांदण्या, ज्यांना गावाकडे तिकांडे म्हणतात, तिन्हीसांजेला नेमक्या पूर्वेला उगवतात. मध्यरात्री, म्हणजे पुण्याच्या घड्याळात साडेबाराच्या सुमाराला, त्या दक्षिणोत्तर रेषेवर उंच असतात, आणि उजाडताना नेमक्या पश्चिमेला मावळतात. अख्खी रात्र एका ओळीत. मधली वेळ मुठींनी मोजायची, दर तासाला दीड मूठ. मात्र चांदण्या रोज चार मिनिटे लवकर येतात, पंधरवड्याला एक तास, महिन्याला दोन. जानेवारीच्या मध्यावर तेच तिकांडे साडेदहालाच माथ्याजवळ येईल. म्हणून चांदण्यांवरून वेळ सांगणाऱ्याला महिना माहीत असावाच लागतो. मृग लागला, आर्द्रा लागल्या, हा पेरणीचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का, त्याला रात्रीची वेळही त्याच हिशेबातून निघते. सत्तावीस नक्षत्रे चोवीस तासांत माथ्यावरून जातात, म्हणजे एकाला त्रेपन्न मिनिटे, सव्वादोन घटिका.

चंद्राचा नियम त्याहून सोपा आणि मला वाटते सर्वांत देखणा. तिथीला दोनने गुणा. शुद्ध पक्षात सूर्यास्तानंतर तितक्या घटिकांनी चंद्र मावळतो, वद्य पक्षात तितक्या घटिकांनी उगवतो. शुद्ध पंचमीला दहा घटिका, म्हणजे सूर्यास्तानंतर चार तासांनी मावळणार. वद्य अष्टमीला सोळा घटिका, म्हणजे सव्वासहा-साडेसहा तास, म्हणजे मध्यरात्र. गोकुळाष्टमीला कृष्णजन्म आणि चंद्रोदय एकाच सुमाराला का येतात ते इथे कळते. संकष्टीला आठ घटिका, तीन तास आणि बारा मिनिटे. वर्तमानपत्रातल्या चंद्रोदयाच्या वेळेशी ताडून पाहा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, कारण चंद्र रोज सारखाच उशीर करत नाही. कोजागरीच्या दिवसांत तो चाळीस मिनिटांच्या घरात असतो, तर फाल्गुन-चैत्रात जवळजवळ तासाचा. उपवास सोडायला घाई झालेल्यांना तेवढा फरक जाणवतो, बाकीच्यांना चालण्यासारखा आहे.

शुक्राच्या चांदणीवर मात्र सावधपणे विसंबावे. पहाटे ती दिसली की उठायचे, जाते ओढायचे, हे शतकानुशतके चालले. पण शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणजे फार तर एक प्रहर आधी उगवणार, आणि हे अंतर आठवड्यागणिक बदलणार. साडेआठ-नऊ महिने पहाटे दिसून तो दीडेक महिना सूर्याआड जातो आणि मग संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागतो. अख्खे चक्र ५८४ दिवसांचे.

झाडापेडांच्या वेळाही आहेत. गुलबक्षी चारच्या पुढे उमलते, पारिजातक रात्री फुलून पहाटे सडा टाकतो, आणि कुंडीतला ऑफिस टाइम नऊ-दहाला उघडतो. उजेड आणि उष्णता बदलली की त्यांची वेळ सरकते. ढगाळ दिवशी ऑफिस टाइम उघडतच नाही.

आणि पुण्यात ढगाळ दिवस थोडेथोडके नसतात. जून ते सप्टेंबर सूर्य, चंद्र, तिकांडे सगळेच झाकलेले. त्या चार महिन्यांत पाण्यातले पात्र तेवढे चालते. ते सूर्योदयाला सुरू करायचे, पण ढगांत सूर्योदय दिसणार कसा? मग कालच्या मोजणीवरच आजची चढवायची. एक घटिका, दुसरी, साठ झाल्या की नवा दिवस धरायचा. प्रत्येक बुडण्याला उचलून परत सोडताना पळ-दोन पळे गळतात, त्याने दिवसाकाठी घटिका-दोन घटिकांचा घोटाळा होतो. श्रावणात ऊनपाऊस सुरू झाला, ढग फाटून गच्चीवर दोन मिनिटे ऊन पडले, की धावत जाऊन शंकूची सावली मोजायची, दिनमानाच्या सहापटीला भागायचे, आणि पात्राचा आकडा तिथून दुरुस्त करून पुढे चालवायचा.